मुकुलला घरी जायचंय

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात कृष्णापासून होत नाही. पडद्यावर आधी येतो एका लहान मुलीचा चेहरा. फाळक्यांची लेक मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा वेश उमटतो. हा चित्रपट १९१९ सालचा, मूकपटांच्या जमान्यातला. डोहात उडी घेऊन कालियाच्या फण्यावर नाचणाऱ्या देवाला हात जोडण्याआधी प्रेक्षकाने त्या पोरीला पाहिलेलं असतं. त्यामुळे त्याच्या भक्तीत काही उणं येत नाही आणि मुलगीही हरवत नाही.

अलौकिक मुलांवरचे आध्यात्मिक चित्रपट पाहताना मला ही सुरुवात नेहमी आठवते. गेल्या पंचवीसेक वर्षांत अशा चित्रपटांचा एक प्रवाहच तयार झाला आहे. बजेट थोडं असतं, नट फारसे माहितीचे नसतात, चित्रण एखाद्या लहान गावात उरकलेलं असतं. मध्यभागी एक मूल असतं. ते मनातलं ओळखतं, हात ठेवून आजार बरा करतं, स्वर्ग पाहून येतं किंवा मागच्या जन्मातलं घर सांगतं. मोठ्या समीक्षकांनी या चित्रपटांकडे बहुतेक पाठ फिरवली. मला ते पटत नाही. लाखो आईबाप हे चित्रपट मनापासून पाहतात आणि पाहून घरी गेल्यावर आपल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. म्हणून या साऱ्याचा नीट आढावा घ्यायला हवा. त्यासाठी मी एकच प्रश्न हाताशी ठेवला आहे: चित्रपट संपताना मूल कुठे असतं?

निळ्या वलयाची मुलं

या प्रवाहातला सगळ्यात गाजलेला चित्रपट म्हणजे ‘इंडिगो’. मात्र चित्रपटाच्या बरीच वर्षं आधी कल्पना जन्मली होती. अमेरिकेतल्या नॅन्सी ॲन टॅप यांचा दावा होता की त्यांना माणसाभोवती रंगीत तेजोवलय दिसतं. १९८२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी निळीच्या गडद रंगाचं वलय असलेल्या नव्या पिढीबद्दल लिहिलं. ली कॅरोल आणि जॅन टोबर यांच्या ‘द इंडिगो चिल्ड्रन’ने १९९९ मध्ये ही कल्पना घरोघरी पोचवली. अशी मुलं ओळखायची कशी, हेही त्यात दिलं होतं. ती एखाद्या राजाच्या थाटात वावरतात. कारण न सांगता सोडलेला हुकूम मानत नाहीत. रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही. शाळेची चाकोरी त्यांना जाचते. आपल्यासारखं कुणी भेटलं नाही तर ती एकटी राहतात.

ही यादी कुठल्याही आईला वाचून दाखवा. दोन-तीन लक्षणं तरी तिला आपल्या पोरात सापडतीलच. अशा गोलमोल वर्णनांची ताकद मानसशास्त्राला जुनी ओळखीची आहे. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना ‘हे खास तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर मजकूर तोच होता. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

तरीही, हे पुस्तक घेणाऱ्या आईबापांना हसावं असं मला कधी वाटलं नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत लक्ष एकाग्र न होणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या मुलांना एडीएचडीचं निदान होण्याचं आणि रिटालिनसारखी औषधं सुरू होण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं. शाळेतून रोज तक्रार यायची, डॉक्टर गोळी लिहून द्यायचे, नातेवाईक संस्कार काढायचे. अशात कुणी येऊन म्हणालं, ‘तुमच्या मुलात खोट नाही, ते जग बदलायला आलंय,’ तर कुठल्या आईचे डोळे भरून येणार नाहीत? इंडिगोची सगळी ताकद या एका वाक्यात होती. त्याचा धोकाही तिथेच होता. ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे त्याला ‘विशेष’ म्हणून मखरात बसवलं, की मदत दारातच अडते.

चित्रपट केला स्टीफन सायमन यांनी. ते हॉलिवूडमधले मुरलेले निर्माते. ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८०) आणि ‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ (१९९८) हे त्यांचे चित्रपट. मरणानंतरचं जग दाखवणाऱ्या दुसऱ्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, पण आठ कोटी डॉलरांच्या वर गेलेला खर्च तिकीटबारीवर वसूल झाला नाही. त्यानंतर सायमन स्टुडिओंपासून दूर झाले आणि अंदाजे पाच लाख डॉलरांत त्यांनी ‘इंडिगो’ (२००३) दिग्दर्शित केला. पटकथा होती जेम्स ट्वायमन आणि नील डोनाल्ड वॉल्श यांची. ट्वायमन हे शांतीची गाणी गात अशांत देशांमधून फिरणारे गायक. बल्गेरियातल्या अतींद्रिय शक्तीच्या मुलांबद्दल त्यांनी २००२ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. वॉल्श हे ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ गॉड’चे लेखक. नट नसूनही आजोबांची मुख्य भूमिका त्यांनी स्वतः केली.

या चित्रपटाच्या वितरणाची गोष्ट मला मनापासून आवडते. २९ जानेवारी २००५ रोजी, एकाच दिवशी, देशभरातल्या चर्चमध्ये, आध्यात्मिक केंद्रांत आणि भाड्याने घेतलेल्या थिएटरांत तो दाखवला गेला. मोठ्या जाहिराती नव्हत्या. माणसांनी माणसांना बोलावलं. सुमारे १२ लाख डॉलरांची तिकिटं खपली, म्हणजे खर्चाच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत पालखीला यावं तशी माणसं संतपटांना येत, त्याचीच ही दूरची भावकी. सायमन यांच्या ‘स्पिरिच्युअल सिनेमा सर्कल’ने तर वर्गणीदारांना दरमहा डीव्हीडी घरपोच द्यायला सुरुवात केली. बाजार ज्यांना विचारत नाही अशा प्रेक्षकांपर्यंत कमी पैशांत पोचता येतं, हे या मंडळींनी करून दाखवलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता चित्रपटाकडे वळू. एका चुकीपायी आजोबांचा संसार मोडला आहे, कुटुंब विखुरलं आहे. दहा वर्षांच्या नातीला पळवून नेण्याचा बेत कळल्यावर तिला वाचवायला ते तिच्यासह घर सोडतात. वाटेत त्यांना नातीच्या शक्ती उमगत जातात. त्या शक्तींचा स्पर्श होऊन आजोबा सावरतात आणि तुटलेली नाती पुन्हा जुळतात. कथेचा हा आराखडा पाहिला की चूक लगेच ध्यानात येते. नाव मुलांचं आणि उद्धार आजोबांचा. बदलतात ते आजोबा, रडतात आणि शिकतात तेही आजोबाच. नात पहिल्या प्रसंगापासून शहाणी आहे, म्हणून तिला शिकण्यासारखं काही उरत नाही. पळवून नेलं जाण्याच्या भीतीने दहा वर्षांच्या मुलीच्या पोटात गोळा येतो का, रात्री तिला झोप लागते का, हे चित्रपटाला महत्त्वाचं वाटत नाही. ती दुसऱ्यांच्या जखमेवरचं औषध होते. औषधाला दुखतं का, हे कुणी विचारत नाही.

२००६च्या जानेवारीत याच मंडळींचा ‘द इंडिगो इव्होल्यूशन’ हा माहितीपट आला. इथे खरी मुलं होती आणि त्यांच्याबद्दल बोलणारी मोठी माणसं होती. कथापटात ‘समजा असं असेल तर’ एवढी मोकळीक असते. माहितीपट ‘हे असंच आहे’ म्हणतो. तसं म्हटलं की तपासायची जबाबदारीही येते, आणि हा माहितीपट ती घेत नाही.

पट्टी बांधलेली मुलगी

तपासणीचा इतिहास मात्र चित्रपटांहून जुना आहे, आणि फार बोलका आहे. १९७३ मध्ये यूरी गेलर यांनी बीबीसीवर चमचे वाकवले आणि ब्रिटनभर मुलं घरोघरी चमचे वाकवू लागली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले गणितज्ञ जॉन टेलर यांनी या मुलांवर विश्वास ठेवून १९७५ मध्ये ‘सुपरमाइंड्स’ लिहिलं. त्याच वर्षी बाथ विद्यापीठातल्या पॅम्प्लिन आणि कॉलिन्स यांनी सहा मुलांवर केलेल्या प्रयोगाची नोंद ‘नेचर’मध्ये छापून आली. मूल खोलीत चमचा किंवा सळी घेऊन बसायचं, शेजारी एक निरीक्षक असायचा. थोड्या वेळाने निरीक्षकाने लक्ष ढिलं केल्याचं दाखवायचं, असं ठरलेलं होतं. एकतर्फी आरशामागे कॅमेरा सुरूच होता. सहापैकी पाच मुलांनी हातचलाखी केली. एकीने सळी पायाखाली घेऊन वाकवली, कुणी दोन्ही हातांनी जोर लावला, कुणी टेबलाखाली हात लपवले. पुढे टेलर यांनीही आपलं मत बदललं.

चीनमध्ये १९७९ साली सिचुआनच्या एका दैनिकात बारा वर्षांचा मुलगा कानाने वाचतो अशी बातमी छापून आली, आणि बघता बघता देशभर अशी मुलं निघाली. १९८८ मध्ये अमेरिकेतले चिकित्सक जेम्स रँडी आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. कडक अटी घातल्यावर शक्ती गायब झाली आणि अटी सैल सोडल्यावर परत आली.

हे वाचून कुणाला त्या मुलांचा राग येईल. मला येत नाही. आपण काहीतरी अद्भुत करावं म्हणून घरातली सगळी मोठी माणसं श्वास रोखून बघत आहेत, हे सहा-आठ वर्षांच्या पोराला कळतं. चमचा वाकला की आईचा चेहरा उजळतो, न वाकला की पडतो. अशा वेळी पोर चमचा वाकवतंच. त्याने मागितलं होतं प्रेम. चमत्कार आपण मागितला होता.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात मी ‘मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन’चं प्रात्यक्षिक पाहिलं. महाराष्ट्रात या वर्गांचं पेवच फुटलं होतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा ‘झोपलेला’ मध्यमेंदू जागा करून देतो, मग मूल डोळे बांधून वाचतं, असं सांगून हजारो रुपये फी घेतली जायची. खरं तर मध्यमेंदू हा मेंदूच्या खोडाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल आणि बाहुलीचं लहान-मोठं होणं तो सांभाळतो. तो झोपलेला असता तर मूल तिथे उभंच राहिलं नसतं.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मंचावर आली. डोळ्यांवर काळी पट्टी बांधली होती. हातात रंगीत पत्ता दिला की ती रंग सांगायची आणि टाळ्या पडायच्या. मी पहिल्या रांगेत, बाजूच्या खुर्चीवर होतो. तिथून दिसत होतं की दर वेळी तिची हनुवटी किंचित वर जाते आणि पत्ता छातीपाशी, नाकाच्या रेषेत खाली येतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच चपखल बसत नाही. तिथे एक फट राहते आणि एवढ्याशा फटीतून पुरेसं दिसतं. एका गृहस्थांनी पत्ता तिच्या कपाळासमोर धरायला सांगितला. निवेदकाने माइकवरून ‘एकाग्रता मोडू नका’ म्हणून त्यांना खाली बसवलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा कार्यक्रमांना हाच प्रश्न विचारत आले आहेत. राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवण्याचा उल्लेख आहे.

माझ्या लक्षात मात्र राहिलं ते पट्टी सोडल्यानंतरचं. तिने डोळे चोळले, टाळ्यांकडे पाहिलंही नाही. तिची नजर थेट वडिलांना शोधत होती. वडिलांचा चेहरा अभिमानाने फुललेला होता. आता हे गुपित ती कुणाला सांगणार? वडिलांना सांगावं तर तो चेहरा विझणार. शिक्षकांना सांगावं तर ती ‘फसवणारी’ ठरणार. मोठ्यांच्या हौसेपोटी त्या पोरीच्या गळ्यात आयुष्यभराचं खोटं अडकवलं जात होतं, आणि आम्ही दोनशे माणसं टाळ्या वाजवत होतो.

स्वर्ग पाहून आलेली मुलं

इंडिगोची लाट ओसरल्यावर अमेरिकेतल्या ख्रिस्ती चित्रपटांनी मूल पुन्हा मध्यभागी आणलं. नेब्रास्कातल्या एका पाद्र्याच्या लहानग्याने शस्त्रक्रियेच्या वेळी आपण स्वर्ग पाहिल्याचं सांगितलं. वडिलांनी ते लिहिलं आणि २०१४ मध्ये त्यावर ‘हेवन इज फॉर रिअल’ हा चित्रपट आला. मोठ्या स्टुडिओच्या हिशेबाने १ कोटी २० लाख डॉलर हा खर्च किरकोळच. कमाई झाली १० कोटींच्या वर. चित्रपटात काही प्रामाणिक जागा आहेत. बापाची चलबिचल, मंडळीतल्या लोकांची अस्वस्थता त्यात येते. पण इथेही गोष्ट बापाच्या श्रद्धेची आहे. पोरगं फक्त साक्षीदार आहे.

याच सुमाराचं दुसरं एक पुस्तक होतं. २००४च्या मोटार अपघातात सहा वर्षांचा एक मुलगा लुळा झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने स्वर्गाची गोष्ट सांगितली, २०१० मध्ये तिचं पुस्तक झालं आणि ते भरपूर खपलं. २०१५च्या जानेवारीत, किशोरवयात आलेल्या त्या मुलाने जाहीरपणे लिहिलं की आपण मेलो नव्हतो, स्वर्गातही गेलो नव्हतो. लोकांचं लक्ष वेधलं जाईल असं वाटलं म्हणून ते सांगितलं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या एका मुलाला माणसांनी जवळ यावंसं वाटत होतं. त्याची ती हाक कुणाला ऐकूच आली नाही. सगळ्यांना स्वर्ग ऐकायचा होता.

मूल मोठं झाल्यावर काय म्हणतं, हे पडद्यावर आणणारा एक चित्रपट मात्र या सगळ्यांच्या आधीच होऊन गेला होता. ‘मार्जो’ (१९७२) हा हॉवर्ड स्मिथ आणि सारा कर्नोकन यांचा माहितीपट. त्याला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं. मार्जो गॉर्टनर यांना चौथ्या वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली गेली होती. मेरी आणि जोसेफ या नावांचे तुकडे जोडून त्यांचं नाव ठेवलं होतं. चार वर्षांच्या या पोराने एका जोडप्याचं लग्न लावलं आणि ते दृश्य वार्तापटातून देशभर दाखवलं गेलं. प्रवचनं पाठ व्हावीत म्हणून आई उशीने तोंड दाबायची किंवा पाण्याखाली धरायची. मारलं तर वळ उठतील आणि लोकांना दिसतील, म्हणून ही रीत, असं त्यांनी पुढे सांगितलं. माहितीपटात तरुण मार्जो आपल्याच सभांच्या युक्त्या उघड करून दाखवतात. सबंध माहितीपट अगदी साध्या साधनांनी केलेला आहे. ‘इंडिगो’ पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या जोडीला हाही पाहावा असं मला वाटतं.

आपल्या वाटेवर

आपल्याकडे अलौकिक मूल ही काही बाहेरून आलेली वस्तू नाही. ध्रुव, प्रल्हाद, बाळकृष्ण आणि आळंदीची चार भावंडं आपल्या घरातलीच आहेत. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी केलेला ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आजही पाहावा. त्यात रेडा वेद म्हणतो, भिंत चालते, आणि त्या काळच्या मानाने ही किमया थक्क करणारी आहे. पण चमत्कार येण्याआधी चित्रपट आपल्याला संन्याशाची पोरं म्हणून हिणवली गेलेली, वाळीत पडलेली, आईबापांविना पोरकी झालेली मुलं दाखवतो. पैठणच्या शास्त्र्यांपुढे ती उभी राहतात तेव्हा आपण रेड्याची वाट बघत नसतो. या पोरांना कुणीतरी माणसात घ्यावं, एवढंच आपल्याला वाटत असतं. इथे चमत्कार अन्यायाला दिलेलं उत्तर म्हणून येतो.

वारकरी परंपरेने तर याहून मोठी गोष्ट जपली आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसतात आणि धाकटी मुक्ताबाई बाहेरून त्यांना विनवते. ज्याला आपण माउली म्हणतो त्याला रुसायची मुभा आपल्या परंपरेने दिली, आणि त्याची समजूत काढायला बहीण दिली. बल्गेरियापासून अमेरिकेपर्यंतच्या अलौकिक मुलांच्या कथांमध्ये मी ही मुभा शोधत राहिलो आणि ती क्वचितच सापडली.

म्हणूनच आजच्या बालकीर्तनकारांची मला काळजी वाटते. मोठ्यांच्या मागे उभं राहून टाळ धरत, पाठांतर करत कीर्तनात येणारं मूल ही आपली जुनी आणि सुंदर रीत आहे. फडावर त्याला सांभाळणारी वडीलधारी माणसं असायची. आता त्याच मुलाची दोन मिनिटांची चित्रफीत मोबाइलवर लाखो लोक पाहतात. खाली कुणी ‘साक्षात माउली’ लिहितं, कुणी घाणेरडं लिहितं. त्या गर्दीत ताटीबाहेर उभी राहणारी मुक्ताई कुठे आहे?

या विषयावरचा भारतातला सगळ्यात शहाणा चित्रपट माझ्या मते सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ (१९७४). पैसा होता पश्चिम बंगाल सरकारचा. कोलकात्यातला लहानगा मुकुल रात्री उठून चित्रं काढतो. त्यांत मोर असतात, उंट असतात, सोन्याचा किल्ला असतो. त्याला मागचा जन्म आठवतोय असं वाटल्याने परामानसशास्त्राचे डॉक्टर हाजरा त्याला राजस्थानात घेऊन जातात. दरम्यान वर्तमानपत्रात बातमी येते आणि दोन बदमाशांना वाटतं की या पोराला गुप्त धन ठाऊक आहे. राय पुनर्जन्माची टिंगल करत नाहीत. मुकुलला खरंच काही आठवतं की नाही याचा निवाडाही देत बसत नाहीत. त्यांची नजर मुलावर आहे. त्याला धोका आठवणीमुळे आलेला नाही, तो छापून आलेल्या बातमीमुळे आला आहे, हे ते स्वच्छ दाखवतात. शेवटी जैसलमेरच्या किल्ल्यात, पडक्या घरांपाशी मुकुल पोचतो. ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला ते समोर असतं. आणि त्याला आता तिथे राहायचं नसतं. त्याला कोलकात्याला, आपल्या घरी जायचं असतं. त्याच्या मागावर आलेले गुप्तहेर फेलूदा त्याला घेऊन निघतात. मुकुलच्या एका इच्छेपुढे सगळी गूढविद्या बाजूला पडते.

अलीकडचं दुसरं उदाहरण लडाखचं आहे. कोरियाचे मून चांग-योंग यांनी जवळपास आठ वर्षं एका मुलाचा पाठपुरावा करून ‘बिकमिंग हू आय वॉज’ हा माहितीपट केला. २०१७ मध्ये बर्लिन महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हा मुलगा तिबेटमधल्या एका गुरूचा अवतार मानला गेला. पण तिबेटहून शिष्य त्याला न्यायला आले नाहीत, आणि मठानेही त्याला बाहेर काढलं. उरले एक वृद्ध आमची, म्हणजे लडाखी वैद्य. ते त्याला जेवू घालतात, शाळेला तयार करतात आणि त्याच्यासोबत सिक्कीमपर्यंतची खडतर वाट तुडवतात. मून पुनर्जन्म खरा की खोटा हे सांगायच्या भरीस पडत नाहीत. आपल्याला दिसतो तो न आलेल्या शिष्यांची वाट बघणारा एक मुलगा आणि त्याची बोटं गार पडली की ती आपल्या हातात धरणारा एक म्हातारा. श्रद्धेबद्दल पूर्ण आदर आणि मुलाबद्दल पूर्ण माया एकाच चित्रपटात नांदू शकतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

जी बोलू शकत नाहीत

आज हा प्रश्न सगळ्यात नाजूक वळणावर आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत ‘द टेलीपथी टेप्स’ ही श्राव्य मालिका प्रचंड गाजली. माहितीपटकार काई डिकन्स यांची ही मालिका. न बोलणारी स्वमग्न मुलं आईच्या मनातलं ओळखतात, असं ती सांगते. त्यावर चित्रपटाचीही तयारी सुरू झाली. ही मुलं अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलतात, आणि पाटी बहुतेक वेळा मदतनीसाच्या, म्हणजे आईच्याच हातात असते.

याच धर्तीच्या पद्धतीची परीक्षा १९९०च्या दशकात झाली आहे. अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीने १९९३ मध्ये ‘प्रिझनर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटातून ती दाखवली. परीक्षा अगदी साधी आहे. मुलाला एक वस्तू दाखवायची आणि मदतनीसाला दुसरी, आणि दोघांना एकमेकांचं दिसू द्यायचं नाही. मुलाने किल्ली पाहिली आणि मदतनीसाने कप पाहिला, तर टंकून येतो ‘कप’. मदतनीस खोटारडे नव्हते. आपलेच हात अक्षरं निवडतायत हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि कळल्यावर त्यांतले काही कोसळून गेले. अमेरिकेतल्या वाक् आणि श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने १९९०च्या दशकापासून आजवर या पद्धतींपासून सावध राहायला सांगितलं आहे.

या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की माझा घसा दाटतो. ज्या मुलाने दहा वर्षांत एकदाही ‘आई’ म्हटलं नाही ते पाटीवरून म्हणतं, ‘मला तुझं सगळं कळतं.’ त्या आईला कोण अडवणार? पण इथे मुलाचं जे नुकसान होतं ते सगळ्यात खोल आहे. अक्षरं मदतनीसाची असतील तर मुलाचा खरा आवाज आणखी दूर जातो. त्याच्या खुणा, ओढणं, नको म्हणून मान फिरवणं हे सगळं बिनमहत्त्वाचं ठरतं. आपल्याकडेही स्वमग्न मुलांचे पालक इंटरनेटवर हेच ऐकतात, म्हणून हे मराठीत स्पष्ट लिहिलं जायला हवं.

एवढा सगळा पसारा पाहिल्यावर मला दोष श्रद्धेत दिसत नाही आणि थोड्या पैशांतही दिसत नाही. फाळक्यांकडे पैसा नव्हता, प्रभातकडे श्रद्धा होती, रायांकडे गूढाबद्दल कुतूहल होतं. वाईट चित्रपट आणि चांगला चित्रपट यांत फरक पडतो तो कॅमेरा कुणाची गरज पाहतो यावर. मोठ्यांची गरज पाहिली की मूल मूर्ती होतं. मुलाची गरज पाहिली की मूर्तीसुद्धा मूल होते आणि रुसते, घाबरते, घरी जायचं म्हणते.

या विषयावरचा एक चित्रपट मला अजून मराठीत पाहायचा आहे. मंगल कार्यालयातल्या त्या प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळी ती मुलगी वेणी घालून शाळेला निघते. वर्गात कुणीतरी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधतं आणि वाचून दाखव म्हणतं. ती घरी येते, दप्तर ठेवते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगते, ‘बाबा, मला खालून दिसत होतं.’ त्या क्षणी बापाचा चेहरा कसा होतो, आणि तो तिला जवळ घेतो की नाही, एवढंच दाखवायचं. असा चित्रपट करायला फार पैसे लागणार नाहीत.